लाँगयरब्येनला सेमिस्टर करायचंय? मग आधी उजेड, उतार आणि प्राणी समजून घ्या

स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, शिकून आले असं सांगितलं की फी, कोर्स, व्हिसा सगळं राहतं बाजूला आणि पहिला प्रश्न येतो, पोलर बेअर दिसला का? म्हणून तेच आधी सांगून टाकते, बेअर बघायचाय म्हणून तिथे जाऊ नका, तिथली सगळी सिस्टिम बेअरची आणि तुमची गाठ पडू नये यासाठीच उभी केलीये. पण जिओलॉजी, बायोलॉजी, जिओफिजिक्स, आर्क्टिक इंजिनिअरिंग यातलं काही करत असाल तर मात्र नक्की जा.

थोडी बेसिक माहिती. लाँगयरब्येन हे स्वालबार्डमधलं मुख्य गाव, ७८ अंश उत्तरेला, अडीच हजाराच्या आसपास वस्ती, समोर अ‍ॅडव्हेंटफ्योर्ड हा फ्योर्ड (डोंगरांमध्ये घुसलेली समुद्राची खाडी) आणि तो पुढे मोठ्या इसफ्योर्डला मिळतो. इथे युनिस नावाचं युनिव्हर्सिटी सेंटर १९९३ पासून आहे. युनिस स्वतः डिग्री देत नाही, तुम्ही दुसऱ्या युनिव्हर्सिटीत शिकत असता आणि इथले कोर्स त्यात जोडून घेता. मी मास्टर्सला नॉर्वेतच होते त्यामुळे सोपं गेलं, पण २०२३ पासून नॉर्वेतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या युरोपबाहेरच्या नवीन मुलांकडून फी घेतात, तेव्हा तुमच्या होम युनिव्हर्सिटीचं गणित आधी बघा. आणि व्हिसा! स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही हे खरंय, पण विमान ओस्लो किंवा ट्रोम्सोवरूनच जातं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाच्या) बाहेर धरतात, म्हणजे तिथे गेलात की तुम्ही शेंगेन सोडलं, परत येताना पुन्हा एंट्री. सिंगल एंट्री व्हिसा घेतलात तर अडकाल. नॉर्वेचं रेसिडन्स परमिट असेल तर हा ताप नाही.

आता मुख्य डिसिजन, सेमिस्टर कुठलं. हे कोर्सची नावं बघून ठरवू नका, उजेड बघून ठरवा. ऑटमला गेलात तर ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, मग दिवस भराभर लहान होत जातो आणि ऑक्टोबर संपता संपता सूर्य जो जातो तो थेट फेब्रुवारीच्या मध्यालाच क्षितिजावर येतो, आणि गाव दरीत असल्यामुळे गावात ऊन पडायला ८ मार्च उजाडतो, त्या दिवशी अख्खं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी जमतं. खडक, झाडं, पक्षी बघायचे असतील तर उन्हाळा किंवा ऑटमची सुरुवात. बर्फ, ग्लेशियर, स्नो स्कूटरवरचं फील्डवर्क हवं असेल तर स्प्रिंग, पण मग जानेवारीत पोचल्यावर पहिले काही आठवडे दुपारी बारालाही हेडलॅम्प लावून लेक्चरला जायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर स्प्रिंग घ्या. अंधाराकडून उजेडाकडे जाणं मनाला सोपं पडतं, ऑटमवाली पोरं नोव्हेंबरमध्ये फार गळून गेलेली असतात.

लँडस्केप म्हणाल तर पहिल्या दिवशी मला धक्काच बसला, कारण गावाभोवतीचे सपाट माथ्याचे, आडव्या थरांचे डोंगर लांबून थेट सह्याद्रीतले कडे वाटतात. जवळ गेलं की कळतं सगळं वेगळंय, आपले थर लाव्हाचे, हे वाळू आणि चिखलाचे, आणि मधूनच कोळशाचा काळा पट्टा. गाव वसलं ते या कोळशासाठीच, जॉन लाँगयर या अमेरिकन माणसाच्या कंपनीने १९०६ ला खाण सुरू केली, आणि इथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. डोंगरउतारावर जुन्या रोपवेचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. १९४६ च्या आधीची माणसाची कुठलीही वस्तू इथे संरक्षित वारसा आहे, गंजका खिळासुद्धा, तेव्हा आठवण म्हणून काही खिशात घालू नका. गावाच्या वर लाँगयरब्रेन ग्लेशियर आहे, त्याच्या मोरेनमध्ये (ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यात) दगड उलटेपालटे करत बसलं की रुंद पानांचे ठसे सापडतात, सहाएक कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं त्याचे. आणि आज? "झाड" म्हणजे पोलर विलो, जमिनीला चिकटलेलं, घोट्याच्या वर येत नाही. आम्ही जिओलॉजीवाले तासन् तास त्या ढिगाऱ्यात बसायचो, बायोलॉजीवाले वैतागायचे.

उतारांकडे मात्र गंमत म्हणून बघू नका. डिसेंबर २०१५ मध्ये सुकरटोपन डोंगरावरून हिमकडा सुटून थेट घरांवर आला, दोन जण गेले. २०१७ मध्ये पुन्हा घरं मोडली, माणसं वाचली. त्यानंतर काही घरं पाडली, डोंगरावर बर्फ अडवायची कुंपणं उभी केली. त्यामुळे रोज सकाळी अ‍ॅव्हलान्च फोरकास्ट बघायची सवय लावून घ्या, आणि रूम बघताना घराच्या डोक्यावर कुठला उतार आहे हे खुशाल विचारा, तिथे कोणी हसत नाही.

प्राणी. रेनडिअर बघायला कुठे जायला लागत नाही, ते होस्टेलच्या दारात चरत असतात. आखूड पायांचे, गुबगुबीत, ही स्वालबार्डचीच जात. हिवाळ्यात हल्ली मधेच पाऊस पडतो, तो गोठून गवतावर काचेसारखा थर धरतो आणि खुराने उकरूनही खाली तोंड पोचत नाही, अशा वर्षी बरेच उपाशी मरतात. वाटेत सांगाडे दिसतील, दचकू नका. आर्क्टिक कोल्हा दिसला तर जवळ बोलावू नका, खायला घालू नका, इथल्या कोल्ह्यांत रेबीज सापडलाय.

पक्ष्यांचा सीझन मे ते ऑगस्ट. अ‍ॅडव्हेंटडालेन दरीच्या रस्त्याला स्लेजच्या कुत्र्यांचे वाडे आहेत, त्यांना खेटून आयडर बदकं अंडी घालतात, कारण कुत्र्यांच्या भीतीने कोल्हा फिरकत नाही. माझा सगळ्यात आवडता स्पॉट हाच. आर्क्टिक टर्न मात्र डेंजर, घरट्याजवळून गेलात की डोक्यात चोच मारतो, हातात काठी उंच धरा म्हणजे तो सगळ्यात उंच टोकावर, म्हणजे काठीवर, हल्ला करतो. लिटल ऑक डोंगराच्या दगडधोंड्यांत घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेमुळे खालचा उतार हिरवागार होतो, उजाड डोंगरावर हिरवा पट्टा दिसला की वर कॉलनी असणार हे ओळखायचं. हिवाळ्यात जमिनीवरचा एकच पक्षी टिकून राहतो, टार्मिगन.

आणि आता बेअर. गावाबाहेर पाय टाकायचा तर बेअरला पळवून लावायचं साधन जवळ पाहिजे असा कायदा आहे, बहुतेक जण फ्लेअर गन आणि रायफल दोन्ही घेतात. युनिसमध्ये सुरुवातीलाच सेफ्टी कोर्स कंपल्सरी असतो, त्यात रायफल चालवणं, हिमकड्याखालच्या माणसाला शोधणं, सीझनप्रमाणे समुद्रावरचा बर्फ किंवा थंड पाण्याची ट्रेनिंग, सगळं. घरी आईला यातलं किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. २०२५ पासून बेअरपासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. कारण गोळी घालायची वेळ आली तर बेअर मरतो, १९७३ पासून संरक्षित असलेला प्राणी, आणि त्यानंतर चौकशी होते ती वेगळी. उलटही होतं, ऑगस्ट २०२० मध्ये एअरपोर्टजवळच्या कॅम्पसाइटवर एका माणसाचा जीव गेला, म्हणजे "गावाजवळच तर आहे" हा युक्तिवाद चालत नाही. फील्डवर जेवताना एकाने कायम पहारा द्यायचा, थंडीत उभं राहून. कंटाळा येतो, पण पाळी चुकवायची नाही.

सामानात लोकरीचे आतले कपडे दोन-तीन जोड, चांगले हातमोजे, झोपेसाठी डोळ्यावरची पट्टी. स्कूटर सूट वगैरे जड गिअर फील्डवर्कसाठी मिळतो, मुंबई-पुण्यातून महागडं जॅकेट घेऊन जाऊ नका. गोडा मसाला न्या, भाज्या विमानाने नाहीतर बोटीने येतात आणि किमती बघून पोटात गोळा येतो.

नॉर्वेत अ‍ॅडमिशनचं जमत नसेल तर दुसरा रस्ता आपल्या शेजारून जातो. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून स्वालबार्डमध्येच, लाँगयरब्येनच्या वायव्येला नी-आलेसुंडला आहे आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्यात. भारतातल्या संस्थांकडून ते प्रपोजल मागवतात, त्यामुळे पीएचडीला असाल तर वेबसाइटवर लक्ष ठेवा आणि कॉल येईपर्यंत थांबू नका, गाईडला आत्तापासूनच पटवायला घ्या.