खाऱ्या टाकीतला ऐप्टेशिया काढण्याआधी: खान्देशातल्या घरासाठी तयारीची यादी

मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऐप्टेशिया, म्हणजे दगडाला चिकटून तणासारखा पसरणारा छोटा ॲनिमोन (तंतूंचा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), दिसला की हात शिवशिवतात. चिमट्याने उपटावा, ब्रशने घासावा, नखाने खरवडावा असं वाटतं. तेवढं एक करू नका. कपाशीतल्या लव्हाळ्यासारखी याची गत आहे. वरचं उपटलं तरी खालची गाठ राहते आणि एकाच्या जागी चार उभे राहतात. ज्या चकतीने हा ॲनिमोन दगडाला चिकटतो तिचा बारीकसा तुकडा मागे राहिला, तरी त्यातून नवा जीव तयार होतो. कुणी डिवचलं नाही तरी सरकता सरकता तो असे तुकडे स्वतःच मागे सोडतो. म्हणून एका बैठकीत पुरता मरेल इतकी तयारी झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे तयारीचं आणखी एक कारण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही बसा. अर्ध्या कामात एखादी वस्तू संपली तर ती गावात मिळेलच असं नाही. मुंबईहून ट्रॅव्हल्सने किंवा रेल्वे पार्सलने येईल, तीही उद्या.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. ऐप्टेशिया काचेसारखा पारदर्शक-तपकिरी असतो, देठ लांब, तंतू लांब, बारीक आणि टोकाला निमुळते. सावली पडली की झटकन भोकात जातो. दुसरा त्रासदायक पाहुणा मॅजानो. तो बुटका, हिरवट-तपकिरी, तंतूंची टोकं फुगीर आणि कधी जांभळट-गुलाबी. दोघांवर औषध एकच चालतं, पण कोळंबी बहुधा मॅजानोच्या वाटेला जात नाही, म्हणून फरक कळायला हवा. नळीत राहणारा पिसांचा किडाही असाच झटकन आत जातो, मात्र त्याला पिसाऱ्यासारखा मुकुट असतो आणि चामड्यासारखी किंवा चुन्याची नळी असते. तो निरुपद्रवी आहे, त्याला मारू नका. शंका असेल तर भिंगाने बघा, फोटो काढून मोठा करून बघा.

मग मोजणी. दिव्याचा निळा रंग कमी करून पांढरा वाढवा आणि टाकीचे समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून फोटो काढा. फोटोवर प्रत्येक ऐप्टेशियाला आकडा द्या. कंटाळवाणं काम आहे, पण पंधरा दिवसांनी नवे किती, जुनेच किती हे याशिवाय सांगता येत नाही. टाकी बघून झाली की संप, म्हणजे जिथे पाणी गाळून परत वर जातं ती खालची टाकी, बघा. बहुतेक जण इथे चुकतात. ऐप्टेशियाच्या पेशींत प्रकाशावर अन्न बनवणारं शैवाल राहतं, तरी तो अंधारातही नुसत्या अन्नकणांवर तगतो. ओव्हरफ्लोचा डबा, पंपाची जाळी, स्किमरचं (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचं) बूड, पाइपचा वाकडा तुकडा, सगळीकडे टॉर्च मारा. टाकी साफ केली आणि संपात पाच राहिले, तर काम झालंच नाही. या चिवटपणामुळेच प्रयोगशाळांत प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी समजून घ्यायला हाच प्राणी वाढवतात. २०१५ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांना सोयीचा, आपल्याला डोकेदुखी.

दिवस निवडा. एप्रिल-मे सोडून द्या. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा टाकी २६ अंशांवर ठेवणं हेच पूर्णवेळ काम असतं, आणि वरून मरत्या ॲनिमोनचा भार पाण्यावर टाकायचा नाही. त्या दिवसांत मुंबईहून मागवलेली कोळंबीही पिशवीत शिजून येते. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण: धुळ्याची पहाट इतकी गार की हीटर बिघडला तर रात्रीत पाणी खाली जातं. दसऱ्यानंतर दिवाळीच्या मागेपुढे, नाहीतर फेब्रुवारीत हे काम उरकावं असं माझं मत. उन्हाळ्यातच करणं भाग पडलं तर संपावर एक साधा पंखा लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळी दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही. उडालेल्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने करायची, मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

पाणी आधी तयार ठेवा. टाकीच्या २० टक्के तरी खारं पाणी ड्रममध्ये मिसळून, आत पंप फिरत ठेवून, एक दिवस आधी. मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, पण वजनावर भरवसा न ठेवता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या साधनावर) ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे सापेक्ष घनता १.०२५-१.०२६ बघा, आणि तो आधी ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. आता गोड पाण्याविषयी. आपल्या बोअरचं पाणी जड, टीडीएस (विरघळलेले क्षार) भरपूर. त्यावर स्वयंपाकघरातलं आरओ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पिण्याच्या आरओत चव राहावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे काढलेलं थोडं परत मिसळलेलं असतं. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणारी) नळी लावून मीटरवर शून्य आलं पाहिजे. टीडीएस मीटर काही महाग नसतो, घरात असू द्या. फॉस्फेट-नायट्रेट पाण्यातूनच येत असेल तर ऐप्टेशिया मारत बसणं म्हणजे गळक्या हौदाचं पाणी उपसणं.

ऐप्टेशिया मारण्याच्या आधीचे दोन आठवडे माशांचा खाऊ आवरा. ऐप्टेशियाची गर्दी म्हणजे टाकीत अन्न जास्त पडतंय याची पावती. गोठवलेला खाऊ वितळल्यावर गाळून द्या, त्याचं पाणी फेकून द्या. घरात मुलं असतील तर डबा वर ठेवा. तुम्ही दुकानावर असताना कुणी ना कुणी ‘मासे उपाशी दिसताहेत’ म्हणून चिमूट टाकतंच.

हत्यार म्हणून माझी निवड कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याची. पानाच्या डबीतला चुना नको. त्यात काय मिसळलंय ठाऊक नसतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो बराचसा खडूसारखा निकामी झालेला असतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात एआर किंवा एलआर ग्रेडची (प्रयोगशाळेच्या शुद्धतेची) पावडर मागा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. वापरायच्या वेळीच, चमचाभर पावडरीत थेंब थेंब शुद्ध पाणी घालून टूथपेस्टपेक्षा किंचित सैल लेप करा. रेड सी कंपनीचं ‘ऐप्टेशिया-एक्स’ तयार मिळतं. तेही चांगलं, पण पार्सलची वाट बघावी लागते. लिंबाचा रस किंवा उकळतं पाणी देठात टोचणारे बरेच आहेत. चालतं, मात्र सुई लागताच ॲनिमोन आत ओढला जातो आणि अर्धा डोस बाहेर सांडतो. चुना त्याच्या तोंडावर अलगद पडतो, तो गिळतो आणि आतून जळतो. चुनाच घेणार असाल तर त्याच बैठकीत लिंबू वापरू नका. एक दुसऱ्याला मारून टाकतं.

मेडिकलमधून ५ मिलीच्या तीन-चार सिरिंज आणा, जाड सुईसहित. इन्सुलिनची सुई लेपाने तुंबते. सुईचं टोक कानशीने बोथट करा, म्हणजे भोसकलं जाणार नाही. लांब पोचायचं असेल तर सिरिंजला एअर पंपाची कडक नळी जोडा. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, डोळ्यात थेंब गेला तर गंभीर इजा होते. चष्मा लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि लहान भाच्या-पुतण्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. वापरलेल्या सुया टोपण लावून प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा, उघड्या कचऱ्यात नको.

वेळ सकाळची. रात्रभर कार्बन डायऑक्साइड साचल्याने पहाटे टाकीचा पीएच सर्वांत कमी असतो, त्यामुळे चुन्याने तो वाढला तरी झेपतो, आणि पुढे दिवसभर लक्ष ठेवता येतं. आधी पीएच आणि क्षारता मोजून वहीत लिहा. २०० लिटरच्या टाकीत एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त धरू नका, पीएच ८.५ च्या वर सरकला की त्या दिवशी थांबा. राहिलेले चार-पाच दिवसांनी. सगळे एकदम मारले तर मेलेल्यांचा अमोनिया होतो, म्हणून अमोनियाचं किट जवळ असू द्या आणि फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन भरा.

एक माणूस सोबत लागतोच. ‘ताई, मी सांगेन तेव्हा पंप बंद कर आणि घड्याळ बघ,’ एवढंच त्याचं काम, पण एकट्याने सुई आणि स्विच दोन्ही जमत नाही. रिटर्न पंप (संपातून पाणी वर चढवणारा) आणि वेव्हमेकर (टाकीत लाटा फिरवणारा पंप) बंद केले की लेप वाहून प्रवाळांवर जात नाही. पाणी थांबलं की दहा मिनिटं वाट बघा, ॲनिमोन पुरता फुलू द्या. सावली पडू न देता बाजूने या, टोक तोंडापासून थोडं वर ठेवा, थोडा लेप सोडा. गिळायला लागला की उरलेल्याने भोकासकट वरून झाकून टाका. पंधरा-वीस मिनिटं सगळं तसंच, मग पातळ नळीने उरलेला लेप ओढून बाहेर, आणि मगच पंप. दगड सुटा असेल तर सोपं: बादलीत बाहेर काढून हवेतच लेप लावा, पाच मिनिटांनी टाकीच्याच जुन्या पाण्यात विसळा. वीज जायची सवय आपल्याला आहेच. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर घेऊन ठेवा आणि बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून ठेवा. त्या दिवसाचं वेळापत्रक महावितरणच्या भारनियमनाशी जुळवून घेतलं तर उत्तम.

पुढची सूचना ठळक समजा. दगडावरचे ऐप्टेशिया मारायला दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतून घासूही नका. झोअँथिड नावाच्या बटणासारख्या प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. वाफेतून ते श्वासात जातं. दगड उकळल्यामुळे अख्ख्या घराला दवाखाना गाठावा लागल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. एखादा दगड हाताबाहेरच गेला असेल तर मेच्या उन्हात गच्चीवर काही आठवडे वाळवा. खान्देशच्या उन्हाचा या छंदात हा एवढाच उपयोग. वास मारेल, शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा. त्यातले उपयुक्त जिवाणूही मरतात, म्हणून परत घालताना तो नवा दगड समजून वेगळ्या ड्रममध्ये पाणी फिरवून मुरवावा लागतो. नवा दगड घेणार असाल तर कोरडा, कृत्रिम घ्या. समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ‘सुरतेकडून आणलाय’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

मदतीला प्राणी आणायचे तर पेपरमिंट कोळंबी. दुकानदाराला ‘भाऊ, पेपरमिंटच आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही, फोटो मागवा. कॅमल कोळंबी हुबेहूब तशीच म्हणून खपते आणि प्रवाळ खाते. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर लाल रेघा. कॅमलला लाल रेघांच्या जोडीला ठळक पांढरे पट्टे आणि पाठीवर उंचवटा. पेपरमिंट लहान ऐप्टेशिया खाते, मोठ्यांना बिचकते, आणि पोट भरलेलं असेल तर ढुंकूनही बघत नाही. म्हणून मोठे चुन्याने आधी, लहान तिच्याकडे. टाकीत पूर्वी तांब्याचं औषध घातलं असेल तर कोळंबी आणूच नका, तांबं तिला मारतं. पिशवीतून एकदम सोडू नका. नळीला गाठ मारून दीड-दोन तास थेंब थेंब पाणी मिसळा. बर्घिया ही छोटी समुद्री गोगलगाय ऐप्टेशियाखेरीज काही खात नाही, पण तो संपला की उपाशी मरते आणि कोळंबी तिला खाऊन टाकते. दोघांतून एकच निवडा. कॉपरबँड बटरफ्लाय मासा सुंदर, पण घरच्या टाकीत तो अन्नाला तोंड न लावता मरताना दिसतो. माझ्या मते तो या यादीत नको.

उरलं एकच: नवा माल. प्रवाळाचं रोप घेतलं की त्याचा खालचा प्लग, म्हणजे रोप चिकटवलेली छोटी बैठक, कापून टाका, रोप नव्या कोऱ्या प्लगवर चिकटवा. औषधी आंघोळीने ऐप्टेशिया मरत नाही, फक्त आक्रसतो आणि लपतो. वीस लिटरची वेगळी टाकी, एक छोटा हीटर, एक पंप, एक दिवा. नवं काही आलं की महिनाभर तिथेच ठेवा, आणि दर आठवड्याला रात्री टॉर्च मारून प्लगची खालची बाजू उलटी करून बघा.