ओपन सोर्समध्ये शिरायचंय? बिल्डच्या फाइली उघडा

नवीन पोरं विचारतात दादा ओपन सोर्सला सुरुवात कुठून करू, आणि सगळ्यांना पहिल्याच दिवशी फीचर लिहायचं असतं. माझं मत, बिल्ड बघा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची व्यवस्था. तिकडं कुणी फिरकत नाही आणि अख्खा प्रोजेक्ट कसा जोडलाय ते तिथंच कळतं.

मी इथं जुळे सोलापुरात बसून सी मधल्या एका प्रोजेक्टचं बिल्ड ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड टूलवरनं मेसॉन या नव्या टूलवर न्यायच्या कामात होतो, आता ते सांभाळतो. जुनं लगेच उडवायचं नसतं बरं का. पोस्टग्रेस या डेटाबेसनं 2023 ला 16 व्या व्हर्जनमध्ये मेसॉन आणलं तेव्हा जुनं मेक, म्हणजे ऑटोटूल्सवालं बिल्ड, ठेवलंच होतं. आम्ही पण दोन्ही चालू ठेवले, दोन्हीकडनं वेगवेगळ्या फोल्डरात इन्स्टॉल करायचं आणि फाइलींच्या यादीचा डिफ मारायचा, म्हणजे फरक काढायचा, मग कुठं मॅन पेज (मदतीचं पान) गायब, कुठं पाथ चुकलेला, सगळं बाहेर येतं.

कॉन्फिग डॉट एच, म्हणजे कुठली फीचर्स सापडली ते बिल्ड ज्यात लिहितं ती फाइल, तिचा डिफ मात्र ओळ न ओळ वाचा. 2024 ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये बॅकडोर (चोरवाट) सापडलं, 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये, ते आत घुसायचं बिल्डच्या वेळी, रिलीजच्या टारबॉलमधल्या (कोडच्या गठ्ठ्यातल्या) एका एम4 फाइलीतनं, म्हणजे ऑटोटूल्सच्या फाइलीतनं, जी गिटवरच्या कोडमध्ये नव्हतीच. त्याच प्रोजेक्टच्या सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूलच्या फाइलीत, फीचर आहे का बघणाऱ्या तपासणीच्या कोडमध्ये नुसता एक टिंब टाकलेला, त्यामुळं तो तुकडा कधी कंपाइलच व्हायचा नाही आणि लँडलॉक सँडबॉक्स (प्रोग्रामला मर्यादेत ठेवणारं लिनक्सचं कुंपण) गुपचूप बंद. एररबिरर काही नाही! फीचर सापडलं नाही की बिल्ड गप पुढं जातं, म्हणून हे काम वाचणाऱ्या माणसाचं आहे, नुसतं टायपिंगवाल्याचं नाही.

आता लाइट. मे महिन्यात इथं लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या पीसीला यूपीएस नाही. हेडर (बाकीच्या कोडला लागणारी घोषणांची फाइल) बनवणारी स्क्रिप्ट चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धीच राहते, पण मेक बघतं फक्त फाइलीची वेळ, त्याला वाटतं झालं काम, आणि पुढं कुठंतरी भलतीच एरर. लोक मेक क्लीन मारतात, म्हणजे बनलेलं सगळं पुसतात, नि विसरतात. खरा इलाज म्हणजे स्क्रिप्टनं आधी टेंप फाइलीत लिहायचं आणि पूर्ण झालं की नाव बदलायचं. दोन ओळींचा पॅच (कोडमधला बदल), लगेच घेतला प्रोजेक्टवाल्यांनी.

तुम्हाला पहिला पॅच हवा असेल तर हे करून बघा. जीएनयू मेक 4.4 पासून शफल नावाचा ऑप्शन आलाय, तो टार्गेटांचा (बनवायच्या फाइलींचा) क्रम उलटापालटा करतो, मग स्क्रिप्टनं बनवलेल्या हेडरची डिपेंडन्सी (ते आधी बनायला हवं ही नोंद) लिहायची राहिली असेल तर बिल्ड फुटतं, जे एरवी एकाच वेळी आठ जॉब लावल्यावर कधीतरीच फुटतं आणि "माझ्याकडं तर चालतंय" म्हणून इश्यू बंद होतो. बिल्ड फुटलं की शफलचा सीड नंबर (त्या क्रमाची खूण) एररमध्येच छापून येतो, तो इश्यूमध्ये टाका, म्हणजे मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) तोच क्रम परत चालवता येईल. रिपोर्ट आणि पॅच एकत्रच पाठवा.