डोंगरावर पवनचक्क्या येणार? आधी त्या कुठून आणि किती दिसतील ते मोजा

साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचा सडा (डोंगरमाथ्यावरचं उघडं, सपाट पठार) किंवा पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार पाहिलं की एक गोष्ट पटते: पवनचक्की लपवता येत नाही. ती नेमकी कुठे उभी करायची, यावर मात्र आधी बोलता येतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत, त्यामुळे त्या मंजुरीसाठीची जनसुनावणीही होत नाही. म्हणून देखाव्याचा हिशोब गावानेच मांडावा, आणि तोही ग्रामसभेत ना हरकत दाखल्याचा विषय येण्यापूर्वी.

कंपनीकडून प्रत्येक मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश, मनोऱ्याची उंची, पात्याची लांबी, रस्त्यांची आखणी आणि वीजवाहिनीचा मार्ग लेखी मागा. मनोरा ८० मीटर आणि पातं ४० मीटर असेल, तर हिशोबाला १२० मीटर धरायचे. नुसत्या मनोऱ्याची उंची धरली की फिरणारी पाती नकाशातून गायब होतात, आणि नजर तर हलणाऱ्या वस्तूकडेच आधी जाते.

आता दृश्यतेचा नकाशा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि एसआरटीएमची (अंतराळयानातून रडारने मोजलेली) उंची-माहिती पुरते; तिच्यात दर ३० मीटरच्या चौकटीला जमिनीची एक उंची असते. ही माहिती आधी यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणा. मग ‘व्ह्यूशेड’ (एका जागेवरून कोणती जमीन दिसते ते काढणाऱ्या) साधनात निरीक्षक म्हणून पवनचक्कीच ठेवा: निरीक्षकाची उंची १२०, लक्ष्याची १.६ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याची. दृष्टिरेषा दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे जिथून चक्की दिसते ती सगळी जमीन एका फेरीत मिळते. कमाल अंतराच्या रकान्यात आधीच १०० मीटर भरलेले असतात; ते २०,००० करा, नाहीतर नकाशा जवळजवळ कोरा येतो. प्रत्येक चक्कीचा नकाशा वेगळा काढून मग बेरीज करा.

या नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सह्याद्रीचा कडा ३० मीटरच्या चौकटीत बोथट होतो. मग कड्याच्या टोकावरून खालची दरी आणि समोरची डोंगरधार स्वच्छ दिसत असली, तरी नकाशा ‘दिसत नाही’ म्हणू शकतो. कड्यालगतची ठिकाणं प्रत्यक्ष उभं राहूनच तपासा.

ठिकाणं निवडताना फक्त पर्यटकांचा विचार नको. देवळाची पायरी, पार, शाळेचं मैदान, एसटीचा थांबा, पाणवठा, गडाची वाट: जिथे माणसं रोज थांबतात ती ठिकाणं घ्या. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की डोंगराची कोणती बाजू ते बघतात. ते जे सांगतील, ते नकाशात सापडत नाही.

आकार मोजायला साधी पट्टी चालते. डोळ्यापासून ५७ सेंटीमीटरवर धरलेल्या पट्टीवर १ सेंटीमीटर म्हणजे १ अंश. १२० मीटरची चक्की २ किलोमीटरवरून सुमारे ३.४ सेंटीमीटर दिसते, ५ किलोमीटरवरून १.४. पारावर बसून पट्टी डोंगरधारेवर धरली की आकडा माणसाला कळतो.

फोटोवर चक्की बसवायची तर फुल-फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, तिपाई दीड मीटरवर. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात नजर फाकते आणि चक्की साधारण निम्मी दिसते. कंपनीच्या चित्रात चक्क्या इवल्याशा दिसल्या तर लेन्स विचारा. ६००० पिक्सेल रुंदीच्या न कापलेल्या फोटोत ५ किलोमीटरवरची १२० मीटरची चक्की २०० पिक्सेल उंच यायला हवी. तो फोटो ४२ सेंटीमीटर रुंद छापून ५८ सेंटीमीटरवरून बघायचा, तरच आकार खरा.

फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या स्वच्छ दिवशी काढा. पावसाळ्यात धुकं आणि उन्हाळ्यात धूसर हवा खरं चित्र झाकतात. सूर्य पाठीशी असेल तर काळ्या डोंगरासमोरचा पांढरा मनोरा उठून दिसतो. तोच फिकट आभाळासमोर मिसळून जातो. चक्क्यांवरच्या रात्रीच्या लाल दिव्यांसाठी एकदा अंधारातही जाऊन या.

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रस्ते. लांबलचक पाती वर न्यायची तर वळणं रुंद कापावी लागतात. सड्यावर मातीचा थर पातळ, खाली जांभा. तो खरवडला की गवत सहजी परत धरत नाही. मनोरा उद्या काढता येईल, पण डोंगराच्या अंगावरचा लाल ओरखडा राहतो. म्हणून प्रत्येक फोटोवर चक्कीबरोबर रस्त्याचा काप आणि वीजवाहिनीचे खांबही काढायला लावा.