जीपमागे ओढायचा कॅम्पर घरीच कसा बांधावा

कॅम्पर, म्हणजे आत झोपता येईल असा ट्रेलर, बांधायचा म्हटलं की घरात पहिला वाद ओटा कुठे ठेवायचा यावर होतो. तो वाद खुशाल चालू द्या, तुम्ही खालून सुरुवात करा. इंदूरजवळच्या जानापावच्या चढावर किंवा चोरलकडच्या पावसाळी काळ्या मातीत कस लागतो तो सांगाड्याचा.

त्याही आधी आरटीओ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे नोंदणी आली. लोखंड कापण्यापूर्वी आराखडा घेऊन तिथे चौकशी करा. मंजुरी असलेला तयार सांगाडा विकत घेऊन त्यावर फक्त पेटी बांधता आली, तर माझ्या मते तेच बरं. तुमची गाडी किती वजन ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

आता कागद घ्या आणि वजनाची यादी करा. ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, पाणी लिटरला एक किलो. सामानासकट ६०० किलोंत बसवायचा प्रयत्न करा. पेटी ८ × ४ फुटांची ठेवली तर प्लायवुडची अख्खी शीट तळाला बसते. दोघं झोपतील; तिसऱ्याने तंबू आणावा.

सांगाडा स्वतः बांधणार असाल तर पाइप इंदूरच्या लोहामंडीत, नटबोल्ट-बिजागऱ्या सियागंजात मिळतील. खरी मेख दांड्यात, म्हणजे ट्रेलरला गाडीच्या हुकाशी जोडणाऱ्या पुढच्या दोन पाइपांत आहे. पुढच्या आडव्या पाइपला नुसता चिकटवलेला दांडा खडबडीत रस्त्यावर तिथेच तडकतो. दोन्ही दांडे सांगाड्याखालून मागे न्या आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटपर्यंत पोचवा. जिथे ताण जास्त, तिथे पाइपच्या वरच्या-खालच्या अंगाला आडवं वेल्डिंग टाळा. लांबीच्या दिशेने करा. हे काम हौशी हाताचं नाही, चांगल्या वेल्डरलाच द्या. पाइपची तोंडं बंद करा, नाहीतर आत पाणी साचून लोखंड गुपचूप गंजतं.

अ‍ॅक्सल पेटीच्या मध्याच्या थोडा मागे हवा. मात्र वेल्डिंग पक्कं करण्याआधी तोल तपासा. सामानाऐवजी वाळूची पोती ठेवा, ट्रेलर सपाट जमिनीवर आडवा राहील अशा उंचीवर हुकाखाली घरातला वजनकाटा ठेवा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे आला पाहिजे, म्हणजे ६०० किलोंना ६० ते ९०. कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो; जास्त असेल तर गाडीचं नाक वर होतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

चाकं शक्यतो गाडीचीच आणि दोन चाकांमधलं अंतरही तेवढंच ठेवा. ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून येतो आणि एक स्टेपनी दोघांना पुरते. साधा गोळ्याचा हुक डांबरी रस्त्यासाठी ठीक. नाल्यात उतरायचं असेल तर सगळ्या दिशांना फिरणारा हुक घ्या. सुरक्षा साखळ्या दोन, दांड्याखाली एकमेकींना छेदून. भेरूघाट उतरायचा विचार असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावाच.

पेटीला आयएस ७१० प्रतीचं मरीन प्लायवुड वापरा, कापलेल्या कडा सील करा. माळव्याची बारीक धूळ दाराच्या रबरी बीडिंगमधूनही घुसते. त्यावर उपाय म्हणजे छपरावर पुढच्या बाजूला फिल्टर लावलेली झडप. चालताना तिच्यातून आत हवा दाबली जाते आणि फटींतून धूळ ओढली जाण्याऐवजी हवाच बाहेर पडते.

दिव्यांना आणि पंख्याला १२ व्होल्टची बॅटरी पुरे. फ्यूज बॅटरीला अगदी लागून. हवेसाठी दोन जाळ्या, एक खाली, एक वर. आणि आत शेगडी कधीच नाही, थंडीतही नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओटा मागच्या दाराबाहेर उघडणारा करा, वाद मिटेल.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, हब (चाकाचा मधला भाग) हाताला फार तापलेला वाटतो का ते बघा आणि दांड्याचे जोड टॉर्च लावून तपासा.