जुन्या जीपचा गिअर बूट: शोधायचा कसा, शिवायचा कसा

महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये जमिनीतून तीन दांडे वर येतात. एक मुख्य गिअरचा, तर दोन ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे नेणारा डबा): पुढचा अॅक्सल जोडायचा आणि हाय-लोचा. या दांड्यांच्या बुडाशी असलेलं रबर, म्हणजेच गिअर बूट, फाटलं की बरेच जण तिथे फडकं कोंबून मोकळे होतात. आत धूळ येते, पावसात पाय भिजतात, हे तर दिसतंच. खरं नुकसान खाली होतं. दांड्याच्या गोळ्याभोवती माती बसते, तो घासून ढिला पडतो आणि तिथूनच पाणी गिअरबॉक्सात उतरतं. म्हणून बूट बदलण्याआधी गिअरबॉक्सचा भरायचा नट काढून बोट घालून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर आधी ते बदला, बूट नंतर.

विकत घ्यायचा असेल तर दुकानात गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. कित्येक जीपमध्ये मूळ टी-९० गिअरबॉक्स काढून दुसरा बसवलेला असतो, वरची पत्र्याची झाकणी तिसऱ्याच गाडीची असते. त्यामुळे चार मापं लिहून न्या: बूट खाली पत्र्यावर दाबून धरणाऱ्या रिंगचा बाहेरचा व्यास, स्क्रूच्या भोकांची संख्या, समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर, आणि बूट जिथे दांड्याला आवळतो तिथली दांड्याची जाडी. जाडी व्हर्नियरने घ्या, अंदाजाने नको.

अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९५३ ते १९६८ झालं, पण महिंद्राने ते पुढेही चालू ठेवलं. त्यामुळे सुटे भाग इथे अजून निघतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट ही पाहायची ठिकाणं. ‘जुना ओरिजिनल माल’ म्हणून मिळणाऱ्या बंद पाकिटातल्या रबराला भुलू नका. रबर कपाटात पडूनही म्हातारं होतं. घडी बोटांनी दुमडून उन्हात धरा. बारीक तडे दिसले तर पाकीट कितीही कोरं असो, तो बूट एक उन्हाळाही काढणार नाही.

नवीन घेताना रबर कसलं, हे विचारा. साधं रबर आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर ऑइल लागलं की फुगतं. नायट्राइल रबर ऑइलला दाद देत नाही, पण उघड्या जीपमध्ये उन्हाने तडकतं. निओप्रिन दोन्ही बऱ्यापैकी सोसतं, म्हणून इथे तेच बरं. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा घरी पोहोचेपर्यंत ठीक, कायमचा नाही, कारण ट्यूबचं ब्युटिल रबरही ऑइलमध्ये फुगतं.

मनासारखा बूट मिळाला नाही तर शिवून घ्या. १.२ ते १.४ मिमी जाडीचं चामडं घ्या. रेक्झिन घडीवर फाटतं. एकट्या चामड्याने पाणी थांबत नाही, म्हणून खाली २ मिमी निओप्रिनचा सपाट पडदा घालायचा, मधोमध दांड्यापेक्षा २ मिमी लहान भोक पाडून. पाणी पडदा अडवतो, उन्हाचा मारा चामडं झेलतं. दांडा गिअरमध्ये टाकताना पडदा ओढला जात असेल तर रिंगपाशी थोडा सैल ठेवा.

बहुतेक जण चुकतात ते मापात. न्यूट्रलला माप घेतलं की शिवलेला बूट गिअर टाकल्यावर ताणतो आणि दांड्याला मागे खेचत राहतो. मग गिअर आपोआप निघतो आणि मेकॅनिक उगाच गिअरबॉक्स उघडतो. दांडा प्रत्येक गिअरमध्ये टाकून, आवळायच्या जागेपासून रिंगच्या सर्वांत लांबच्या काठापर्यंत दोरी धरा. सगळ्यांत मोठं माप घ्या, त्यात १५ मिमी मिळवा. ही तिरकी लांबी.

समजा तिरकी लांबी १८० मिमी, रिंगचा व्यास १५० आणि वरचं तोंड २४ मिमी. १८० ला १५० ने गुणून १२६ ने, म्हणजे दोन व्यासांच्या फरकाने, भागा: २१४ मिमी. ही बाहेरच्या कमानीची त्रिज्या. त्यातून १८० वजा केले की ३४ मिमी, आतली त्रिज्या. कोन काढायला १८० अंशांना १५० ने गुणून २१४ ने भागा: १२६ अंश. पुठ्ठ्यावर हा पंखा काढा. वर-खाली २० मिमी आणि जोडाच्या दोन्ही कडांना १२ मिमी जास्त ठेवा. पुठ्ठा गाडीवर गुंडाळून पाहिल्याशिवाय चामड्याला कात्री लावू नका.

सीटकव्हर शिवणाऱ्याकडे बॉन्डेड नायलॉन धागा असतो, तोच वापरायला सांगा. सुती धागा ओलीत कुजतो. टाका ३ ते ४ मिमीचा. जोड डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवा. दांड्याची मोठी हालचाल पुढे-मागे होते, तिथे जोड आला तर शिवण आधी उसवते.

ट्रान्सफर केसचे दोन दांडे स्वतंत्र हलतात. दोघांना मिळून एकच पिशवी शिवली तर एक दांडा दुसऱ्याला ओढतो. एकाच पट्टीवर दोन वेगळे छोटे शंकू शिवा.

बसवताना आधी गिअर नॉब काढा. चिकटला असेल तर गरम पाण्याचं फडकं गुंडाळून पाच मिनिटं थांबा. पक्कडने पिळलात तर जुना नॉब तडकतो. बूट सरकवायला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. स्क्रूची भोकं रबरात ड्रिलने पाडू नका, रबर बिटाला गुंडाळतं. पोकळ पंच आणि लाकडी ठोकळा घ्या. पत्रा गंजून स्क्रू धरत नसेल तर आणखी जाडा स्क्रू न कोंबता रिव्हेट नट (पत्र्यात रिव्हेटसारखा पक्का बसणारा आट्यांचा नट) बसवा. रिंगखाली ३ मिमी फोमची पट्टी द्या. वरच्या तोंडाला क्लिप फक्त सरकू नये इतकीच आवळा. जास्त आवळली तर ती चामडं कापते.

शेवटी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा, प्रत्येक गिअर टाका आणि हात सोडा. दांडा जागेवरून हलला तर बूट आखूड आहे. पुढचा अॅक्सल जोडून लो रेंजही तपासा. जोडल्याशिवाय लो पडत नाही, तो बुटाचा दोष नव्हे. मग अंधारात गाडीखालून टॉर्च मारा आणि आत बघा, कुठून उजेड येतो ते.