न पचणाऱ्या पदार्थांची यादी वाढतच चाललीय? बंद केलेलं परत ताटात कसं आणायचं

आधी दूध बंद होतं. मग गहू. मग कांदा-लसूण, तूरडाळ, छोले, फ्लॉवर, आंबा. वर्ष-दोन वर्षांत माणूस मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी एवढ्यावर येऊन ठेपतो आणि तरी पोट फुगतंच. मी स्वतः यातून गेलेय, आणि आता नात्यातले, सोसायटीतले, ऑफिसातले बरेच जण येऊन विचारतात की अजून काय बंद करू. बंद करायचे सल्ले रस्त्यावर मिळतात हो. बंद केलेलं परत सुरू कसं करायचं ते मात्र कुणी धड सांगत नाही आणि यादी लांबत जाते ती त्यामुळेच. म्हणून मी बाकीच्या पायऱ्या भराभर उरकणार आहे आणि त्या एका पायरीवर थांबणार आहे.

१. आधी डॉक्टर

ॲलर्जी वेगळी आणि न पचणं वेगळं. शेंगदाणा, कोळंबी, अंडं असं काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ-जीभ सुजत असेल, श्वास लागत असेल तर पुढचं काही वाचू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जा, आणि तो पदार्थ घरी "जरासा खाऊन बघू" असं चुकूनही करू नका, जिवावर बेतू शकतं. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, हिमोग्लोबिन सारखं कमी येतंय, किंवा पन्नाशीनंतर हे सगळं नव्यानेच सुरू झालंय, तरीही आधी पोटाचे डॉक्टर.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गव्हाचा संशय असेल तर गहू बंद करायच्या आधी सिलिॲक या आजारासाठीची (यात गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं) टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट करून घ्या. रोज गहू पोटात जात असतानाच ती टेस्ट भरवशाची असते. चपाती सोडून काही महिने झाले की रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग खरं काय ते कळत नाही आणि टेस्टसाठी परत काही आठवडे रोज गहू खायला लागतो, तो त्रास कशाला. सिलिॲक निघालाच तर गहू आणि जव आयुष्यभर बंद, तिथे थोडं-थोडं करून बघणं वगैरे काही नाही.

आणि ते दीड-दोनशे पदार्थांचं पॅनल, ज्यात रक्ताच्या एका नमुन्यावरून लाल-पिवळा-हिरवा असा मोठा तक्ता येतो, ते करू नका. त्यात बहुतेक वेळा आयजीजी नावाची अँटिबॉडी मोजतात, आणि आयजीजी तुम्ही जे खाता त्याचं शरीरात तयार होतंच, ती त्या पदार्थाशी ओळख असल्याची खूण आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की न पचणारे पदार्थ ओळखायला ही टेस्ट वापरू नये. तरी लोक हजारो रुपये घालतात आणि आवडीचं, रोजचं जे काही आहे ते नेमकं लाल रंगात आलेलं बघून एका दिवसात तीस पदार्थ सोडतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण असा तक्ता हातात घेऊन आलेल्या माणसाला परत जेवायला लावणं फार अवघड जातं.

२. वही

काय खाल्लं, किती, किती वाजता, त्रास काय आणि कधी, झोप कशी झाली. दोन आठवडे. झालं.

३. थोडे दिवस बंद

पोट फुगणं, गॅस, जुलाब, मुरडा अशा त्रासासाठी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली पद्धत मला सगळ्यात नीट वाटते. लहान आतड्यात पूर्ण शोषल्या न जाणाऱ्या आणि पुढे जाऊन आंबणाऱ्या काही साखरा असतात, त्यांना ते फॉडमॅप म्हणतात. दुधातली लॅक्टोज, गहू-कांदा-लसणातलं फ्रक्टन, कडधान्यांतलं जीओएस, आंबा-मधातलं जास्तीचं फ्रुक्टोज, मशरूम-रताळ्यातलं मॅनिटॉल. हे सगळे गट दोन ते सहा आठवडे बाजूला ठेवायचे आणि मग एकेक तपासायला घ्यायचा, त्याला एक दिवसही उशीर नाही. जमलं तर डाएटिशियनला बरोबर घ्या, आणि मुलं, गरोदर बायका, आधीच बारीक असलेली माणसं यांनी तर एकट्याने करूच नका.

खायला भरपूर आहे. भात, ज्वारी-नाचणीची भाकरी, भेंडी, वांगं, गाजर, काकडी, पालक, बटाटा, अंडी, मासे, चिकन, तूप, शेंगदाणे, संत्रं, पपई, मुगाचं वरण बेतानं. उपवासाची भगर, साबुदाणा तर आयतेच चालतात.

लपलेल्या गोष्टींकडे लक्ष ठेवा. कांदा-लसूण मसाल्यात काय असतं ते नावातच आहे पण लोक विसरतात. मेतकुटात आणि थालीपीठाच्या भाजणीत डाळी असतात आणि बहुतेक घरांत गहूही. डबीतल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. ज्वारी गिरणीत दळून आणली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात येतो. आता यातला हिंग आणि गिरणी हे सिलिॲकवाल्यांसाठी खूप महत्त्वाचं आहे, त्यांनी घरघंटीच घ्यावी आणि तांदळाच्या पिठातला हिंग शोधावा. बाकीच्यांनी चिमूटभर हिंगाची काळजी करायचं काही कारण नाही, आमटीत पडणाऱ्या हिंगातलं फ्रक्टन नगण्य असतं. पाकिटांवर गहू, दूध, सोया, शेंगदाणा वगैरे असल्याचं छापणं एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी सक्तीचं आहे, तेवढं वाचा.

लसणाशिवाय घास उतरत नसेल तर एक सांगते. फ्रक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. ठेचलेल्या पाकळ्या तेलात मंद आचेवर लाल होईपर्यंत परता, बाहेर काढून टाका आणि मग त्या तेलात फोडणी करा. पाकळ्या पाणी घालायच्या आधी निघाल्या पाहिजेत, नंतर काढून उपयोग नाही. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग.

सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक पडला नाही तर दोष बहुधा या साखरांचा नाहीये. सगळं परत खायला लागा आणि डॉक्टरकडे जाऊन पुढचं बघा. अजून काहीतरी बंद करून बघू, असं म्हणू नका.

४. परत आणणं

इथे लोक अडकतात आणि मीही इथेच सगळ्यात जास्त अडले होते. पोट कितीतरी दिवसांनी शांत झालेलं असतं, पँटचं बटण लागत असतं, मीटिंगमध्ये मध्येच उठावं लागत नसतं, आणि आता ते शांत पोट मुद्दाम डिवचायला हात धजत नाही. मग "चाललंय ते बरंय" म्हणून माणूस तिथेच राहतो, महिने जातात, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना लागणारं खाणं कमी पडतं, आणि लग्नात एकदा छोले खाऊन पोट बिघडलं की यादीत अजून दोन नावं चढतात. शांत पोट ही फक्त तयारी आहे हो. खरं काम इथून सुरू होतं.

एका वेळी एकच गट, आणि त्या गटातला एकच पदार्थ, अगदी साधा करून. दूध तपासायचंय तर दूधच प्या, आइस्क्रीम नाही, बासुंदी नाही. गहू तपासायचाय तर चपाती, पिझ्झा नाही, कारण त्यात गहू, चीज, कांदा, लसूण सगळंच आलं आणि त्रास झाला तर कुणाला धरणार? कांदा तपासायला पावभाजी खाणारी माणसं मी बघितलीयत. कांद्याची खरी तपासणी दिसायला अगदी कंटाळवाणी असते, एक मोठा चमचा कांदा बारीक चिरून तेलावर गुलाबी परतायचा, मीठ घालून गरम भातावर घ्यायचा आणि बाकी जेवण कालच्यासारखंच ठेवायचं.

तोच पदार्थ तीन दिवस वाढवत न्या. दूध पाव कप, मग अर्धा, मग एक कप. चपाती एक, दोन, तीन. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. छोले किंवा राजमा दोन चमचे, मग पाव वाटी, मग अर्धी, आणि तेही रात्रभर भिजवून, पाणी ओतून, नवीन पाण्यात शिजवलेले, कारण आपण तसेच खाणार आहोत. मध्येच जास्त त्रास झाला तर तिथेच थांबा, पुढचा डोस घ्यायचा नाही. मग दोन-तीन दिवस जुन्या शांत जेवणावर या आणि पोट निवळल्यावर पुढचा गट घ्या. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा, गहू वेगळा. तिन्हीत फ्रक्टनच असलं तरी एक चालतो आणि दुसरा चालत नाही असं सर्रास होतं.

आता जे सांगतेय ते कुणालाच आवडत नाही. पास झालेला पदार्थ लगेच रोजच्या जेवणात घ्यायचा नाही. सगळे गट तपासून होईपर्यंत तोही बाजूला. दूध पास झालं म्हणून रोज दोन कप चहा सुरू केला आणि त्याच आठवड्यात कांदा तपासला, तर पोट फुगलं ते कांद्याने की दोघांच्या बेरजेने हे कळायला काही मार्ग नाही. या एका घाईपायी लोकांची अख्खी तपासणी वाया जाते आणि मग ते म्हणतात की मला सगळंच बाधतं.

वेळेकडे लक्ष द्या. लॅक्टोजचा त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत कळतो. कांदा-कडधान्यांचा उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणजे सकाळी पोट दुखलं की आत्ताच्या पोह्यांना दोष देऊ नका, काल रात्रीचं ताट आठवा. पाळीच्या आधीचे दिवस, अँटिबायोटिकचा कोर्स, प्रवास, घरातलं लग्नकार्य, मुलांची परीक्षा या काळात तपासणी करू नका, पोट तसंही बिघडलेलं असतं आणि आळ अन्नावर येतो. मोठा जुलाब होऊन गेल्यावरही थांबा, तेव्हा काही आठवडे दूध बाधू शकतं आणि नंतर आपोआप चालायला लागतं.

भीतीनेही पोट बिघडतं, आणि म्हणून त्रास खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, दुखतं ते खरंच दुखतं. नॉर्वेत २०१८ साली आलेला एक अभ्यास मला इथे आठवतो. सिलिॲक नसूनही स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना काय आहे ते न सांगता ग्लूटेनचे, फ्रक्टनचे आणि दोन्ही नसलेले असे म्यूसली बार आळीपाळीने दिले. ग्लूटेनने काही जास्त त्रास झाला नाही, फ्रक्टनने झाला. फ्रक्टनचा प्रश्न हा किती खाल्लं याचा प्रश्न असतो. म्हणजे सिलिॲक नसलेल्या माणसाने रोज चार चपात्यांनी त्रास होतो म्हणून सणाची एक पुरणपोळी, शिऱ्याचा चमचाभर प्रसादसुद्धा नाकारत बसायची गरज नसते.

५. आपला आकडा शोधा

सगळ्या गटांच्या तपासण्या झाल्या की यादीत हो आणि नाही असे दोन रकाने करू नका. किती, ते लिहा. "दूध – चहापुरतं चालतं, पूर्ण ग्लास नाही." "छोले – पाव वाटी." कपभर दुधात साधारण बारा ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना जेवणाबरोबर तेवढं सोसतं. दह्यात त्याहून कमी, तुपात जवळजवळ नाहीच, त्यामुळे दूध बाधतं म्हणून तूप सोडणाऱ्यांनी आजच परत सुरू करा. एकाच जेवणात चपाती, कांद्याची भजी, छोले आणि वर आमरस घेतला तर प्रत्येक गोष्ट एकटी चालणारी असूनही बेरीज जास्त होते. एका जेवणात एकच अवघड पदार्थ, असं मी धरून चालते.

६. बाहेर

हॉटेलात जैन मागा, कांदा-लसूण जातो. पण त्या ग्रेव्हीत काजू आणि क्रीम असतं आणि काजूही अवघड गटातला आहे, तेव्हा सुकी भाजी आणि जीरा राइस बरा. कुणाकडे जेवायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून "काकू, मला छोले झेपत नाहीत, बाकी सगळं चालेल" एवढंच सांगा. काय चालत नाही याची लांबण लावली की समोरच्या बाईच्या जिवाला घोर लागतो.

७. दर काही महिन्यांनी

नापास पदार्थासमोर तारीख लिहा आणि तीन-चार महिन्यांनी छोट्या डोसने परत तपासा, सोसण्याची ताकद बदलत राहते. दूध अगदीच कमी झालं असेल तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवा, शाकाहारी असाल तर बी१२ तपासून घ्या. आणि नवीन एखाद्या पदार्थावर संशय आला तर तो यादीत घालायच्या आधी निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, इतर काही अवघड न खाता, तोच त्रास झालाय का ते वहीत बघा.