काळ्या मातीची लिक्विड लिमिट: या चुका टाळा

सकाळी मातीचा नमुना द्यायचा आणि संध्याकाळी त्याची लिक्विड लिमिट (किती टक्के पाण्याला माती घट्टपणा सोडून वाहू लागते तो आकडा) मागायची, अशी घाई करणाऱ्यांशी वाद घालणे मी आता सोडून दिले आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून मी रात्रभर झाकून ठेवतो. आपल्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या पाणी शोषून फुगणाऱ्या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी मुरायला वेळ लागतो, आणि न मुरलेल्या लगद्यावर घेतलेले आकडे पुन्हा घेतले की जुळत नाहीत.

मात्र सर्वांत जास्त घोळ कासाग्रांदे उपकरणाच्या वाटीमुळे होतो. या वाटीतल्या लगद्यात खाच पाडून वाटी पुन्हा पुन्हा आदळतात; २५ ठोक्यांत खाच मिटते तेव्हाचे पाण्याचे प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. वाटी बरोबर १० मिमी उंचीवरून पडली पाहिजे, परंतु रोजच्या वापराने उंची ठरवणारा स्क्रू सैल होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. एका रस्त्याच्या कामात आमच्या नमुन्याची लिक्विड लिमिट ४७ टक्के आली, म्हणून माती मध्यम सुघट्यतेच्या (ओली असताना न तुटता हवा तो आकार घेण्याच्या गुणाच्या) गटात बसवून अहवाल पाठवण्याची तयारी झाली. हाताला तीच माती बरीच चिकट लागत होती, त्यामुळे मी वाटीखाली खाचयंत्राच्या दांड्याचा १० मिमीचा ठोकळा सरकवून पाहिला, तर तो अगदी ढिला बसला. वाटी जास्त उंचीवरून आदळत असल्याने खाच कमी पाण्यातच २५ ठोक्यांत मिटत होती. उंची दुरुस्त केल्यावर त्याच मातीची लिक्विड लिमिट ५४ भरली, म्हणजे ती ५० च्या वरच्या, उच्च सुघट्यतेच्या गटात गेली. तेव्हापासून दिवसाची पहिली चाचणी मी ठोकळा लावल्याशिवाय सुरू करत नाही, आणि जो सहायक याला वेळखाऊ म्हणतो त्याच्या हाती मी उपकरण देत नाही.

लगदा पातळ झाला म्हणून वरून कोरडी माती भुरभुरवू नये. स्पॅच्युलाने घोळत राहून पाणी उडू द्यावे. नमुना ओव्हनमध्ये न वाळवता हवेतच वाळवावा. उपकरणाचे हँडल सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने फिरवावे.

प्लॅस्टिक लिमिट, म्हणजे माती वळताना तुटू लागते तेव्हाचे पाण्याचे प्रमाण, काढताना नवशिके काचेवर लाटलेल्या मातीच्या वळीचा व्यास नजरेने ठरवतात आणि चार मिमीची वळी तुटली की खूश होतात. वळी ३ मिमीला येऊनच तुटली पाहिजे; त्यासाठी मी काचेशेजारी ३ मिमीची सळई ठेवतो.